उतारावरचा पांढरा तुकडा

१

गुरुवारी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी वाल्मेरा गावावरच्या उतारावर, बर्फ अडवणारे लोखंडी कठडे तिसऱ्या रांगेत मोडले. त्यांच्यामागे साचलेला बर्फ खाली आला आणि खालच्या वाडीच्या टोकाला असलेल्या चीज-घराची मागची भिंत फोडून आत शिरला. आत आनेत्ता बाल्त्सर दुधाची कढई तापवत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत नव्हती. तिचं वय एक्कावन्न होतं.

आदल्या संध्याकाळी गावच्या हिमलोट समितीची बैठक झाली होती. कठड्यांच्या पायाशी एक दाबमापक बसवलेला आहे. मागचा बर्फ कठड्याला किती रेटतो, ते त्यावरून गावात कळतं. बुधवारी त्याचा आकडा सांगत होता की, कठडे जेवढं सोसू शकतात त्याच्या निम्माही रेटा त्यांच्यावर नाही. त्या आकड्यावर विसंबून समितीने वाडी रिकामी करायची नाही असं ठरवलं.

दाबमापक मोडलेल्या रांगेतच होता. त्याच्या दोन्ही बाजूंचे कठडे पिळवटून आडवे झाले होते. तो ज्या कठड्याला लावलेला होता तो मात्र उभा होता आणि त्याच्या वरचा बर्फही जागचा हलला नव्हता. गावातून पाहिलं की उघड्या, तपकिरी उतारावर तो एकच पांढरा तुकडा दिसत होता. एक कोपरा कापून नेलेल्या पावासारखा.

मलबा उपसणारे लोक मधूनच मान वर करून तिकडे बघत. त्यांतले म्हातारे एकदाच बघत, आणि पुन्हा बघत नसत.

२

मेंजिया तुओर शुक्रवारी सकाळच्या पहिल्या बसने आली. सरकारी वकिलांच्या कचेरीसाठी ती पडलेल्या गोष्टींचा तपास करत असे. पूल, छपरं, आकाशपाळणे. पन्नाशीची, उंच, हाडकुळी बाई. एका जागी बसणं तिला जमत नसे. खिशातले वाळवलेले नासपतीचे तुकडे चघळत ती बंबखान्याच्या खोलीत येरझाऱ्या घालत होती.

हवामानाचा अंदाज तिच्याआधी गावात पोचला होता. संध्याकाळपासून पुन्हा जोराचा बर्फ.

मोडलेल्या भागाखालची चार घरं गुरुवारीच रिकामी केली होती. उरलेल्या वाडीवरचे कठडे उभे होते आणि तिथली माणसं घर सोडायला तयार नव्हती.

"वकिलांनी मला विचारलंय, दोष कुणाचा," मेंजिया म्हणाली. "ते सोमवारी कळलं तरी चालेल. मला आत्ता एवढंच सांगा, उरलेल्या वाडीने आज तुमच्या आकड्यावर भरवसा ठेवायचा का?"

दाबमापकाचा अभियंता कुर्दिन लोरेत्स हा शहरातून येऊन-जाऊन असे. दोन दिवस त्याने दाढी केली नव्हती.

"आकडा बरोबर आहे, बाई."

"असं सगळेच म्हणतात."

"म्हणोत. मी काल वर जाऊन तपासला. कुलूप शाबूत, तारा शाबूत. यंत्रावर दाब देऊन बघितला. जेवढा दिला तेवढाच दाखवतं. खराब असेल तर लोखंड असेल. एवढ्याच भागाचं लोखंड कच्चं निघालं असेल. फासावर द्यायचं तर ते ओतणाऱ्याला द्या, मला कशाला?"

"यंत्राकडे एरवी कधी जाता?"

"दर जूनमध्ये. बर्फ गेला की नट-बोल्ट आवळतो, तारा बघतो. मग पुढच्या जूनपर्यंत आमचं बोलणं फोनवरून."

"बुधवारी बैठकीत काय झालं?"

"समितीत तिघंच. मी, गावप्रमुख गिएरी काथोमास, आणि लुत्सी बाल्त्सर, बर्फ हटवायची गाडी चालवतो तो. गिएरी म्हणाला, वाडी रिकामी करू या. मी म्हटलं, कशासाठी? आकडा तर निवांत आहे. लुत्सी म्हणाला, तुला बरं वाटत नसेल तर काढा पी आणि पड, लोकांना कशाला थंडीत बाहेर काढतोस? झालं. आम्ही दोघं, तो एकटा." कुर्दिनने चेहऱ्यावरून हात फिरवला. "आणि बायको लुत्सीची गेली."

"म्हणजे बरोबर फक्त गिएरी होता."

"तेच तर. आणि आकडा कमी राहावा ही गरज सगळ्यांत जास्त त्याचीच! तीन हिवाळे दाब मर्यादेत राहिला तरच सरकार वाडीत घरं बांधू देणार, जुनी दुरुस्त करू देणार. नाही तर वाडी लाल पट्ट्यात. मग एकेक दार बंद. हा तिसरा हिवाळा. तरी त्याने आकड्याकडे न बघता माणसांकडे बघितलं. मोठा माणूस आहे."

मेंजिया खिडकीपाशी थांबली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय थांबले होते.

"लुत्सीने त्याला काढा प्यायला का सांगितलं? गिएरी आधी नेमकं काय म्हणाला होता?"

"कारण विचारलं तर म्हणाला, मला बरं वाटत नाहीये. बस. एवढंच."

३

आनेत्ताला बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. दोन मेणबत्त्या, आणि थंडी राहावी म्हणून खिडकी उघडी. लुत्सी बाल्त्सर शवपेटीशेजारी लाकडी बाकावर बसला होता. अंगावर गाडी चालवतानाचा नारिंगी कोट तसाच.

"उद्या हिला माती द्यायचीय," तो म्हणाला. "तोवर ही इथे आणि मी इथे."

"संध्याकाळी बर्फ आहे."

"तीस वर्षं मी बर्फच हटवतोय, बाई. बर्फाचं मला सांगू नका. आमच्यावरचे कठडे उभे आहेत. आकडा कमी आहे. हिला उचलून कुणाच्या दारात नेऊ? सगळी वाडी हिच्यासाठी थांबलीय. मी हललो तर ते हलतील, आणि मी हलणार नाही."

मागून शेळ्या ओरडल्या. पाठोपाठ लुत्सीला शिंका आल्या, एकामागून एक.

"तिच्या शेळ्या. मी गोठ्यात पाय टाकत नाही. गवताने असं होतं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलो आणि गवत सोसत नाही! ही म्हणायची, तुझ्याशी लग्न केलं ते तू आमच्या शेळ्यांच्या वाटेला जाणार नाहीस म्हणून."

"मग आता चारा कोण घालतंय?"

"घालतंय कुणीतरी. शेजारीपाजारी. विचारायचं भान कुणाला आहे?"

मेंजियाने उघड्या खिडकीतून वर बोट दाखवलं. "तो पांढरा तुकडा बघितलात?"

"दोन दिवस तेच बघतोय. पण मी पलीकडच्या खोऱ्यातला. मला त्यात बर्फच दिसतो. इथलेच लोक बघतात आणि तोंड फिरवतात. का, ते त्यांना विचारा."

तिने विचारलं. फावड्याने रस्ता मोकळा करणारा एक म्हातारा म्हणाला, "बर्फ आहे, राहिला असेल."

"तुम्ही जाता कधी तिकडे?"

"पूर्वी गवताला जायचो. कठडे बसले त्या सुमाराला अख्खा उतार कापला जायचा. आता कोण कापतंय? वाकायला माणसं कुठायत?"

एवढं बोलून तो आधीच मोकळी केलेली जागा पुन्हा उपसू लागला.

४

गिएरी काथोमासचं घर चर्चच्या मागे. दाराच्या वरच्या लाकडावर आडवी रेघ आणि तिच्यावर छपरासारख्या दोन तिरक्या रेघा कोरलेल्या होत्या. वाल्मेरात प्रत्येक जुन्या घराला अशी आपापली खूण असते.

स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लागलेला होता. डोंगराकडच्या खिडकीचा पडदा ओढून घेतलेला. टेबलाशी गिएरीची आई नेसा बसली होती, चौऱ्याऐंशी वर्षांची.

"उजेड सोसत नाही हो डोळ्यांना," ती मेंजियाला म्हणाली आणि दिव्याखाली सुईत दोरा ओवू लागली. पहिल्या झटक्यात ओवला.

गिएरी उभाच होता. पंचेचाळिशीचा, रुंद खांद्यांचा. डोळे लाल.

"वाडी रिकामी करा म्हणून मी बुधवारपासून सांगतोय. तुम्ही हुकूम काढा."

"कुणाच्या जोरावर? कारण लागतं. कुर्दिन म्हणतो, तेवढ्याच भागाचं लोखंड कच्चं होतं. तसं असेल तर बाकीची वाडी सुखाने झोपू शकते."

"लोखंड चांगलं होतं."

"तुम्हाला कसं माहीत?"

नेसाआजीची सुई कापडात थांबली.

"कठडे बसवले तेव्हा मी मजूर होतो त्यांच्यावर," तो शेवटी म्हणाला. "एकेक नळी मी उचललीय."

"मग मोडले कसे?"

"ते शोधायला तुम्हाला पाठवलंय ना, बाई? मग शोधा की! इथे काय कॉफी प्यायला आलात?"

"गिएरी!" आई म्हणाली.

मेंजियाने कॉफी घेतली नाही. बाहेर तिला उतारावर न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरचा आवाज येत होता. ढगांत फट पडली होती आणि वैमानिक जास्त वेळ थांबणार नव्हता.

५

वर वारा उभं राहू देत नव्हता. मेंजिया आणि कुर्दिन दोराने एकमेकांना बांधून मोडलेल्या कठड्यांच्या वर पोचले. बर्फ निघून गेलेल्या जागी जमीन उघडी होती. मागच्या उन्हाळ्याचं गुडघ्याएवढं गवत न कापता राहिलेलं, सगळं खालच्या दिशेला निजलेलं. तेल लावून विंचरलेल्या केसांसारखं, ओलं आणि चकचकीत. कुर्दिनचा बूट त्याच्यावरून सटकला. दोर ताणला म्हणून तो वाचला.

"तुम्ही घसरलात," मेंजिया ओरडली. "बर्फही असाच घसरला. अख्खा थर, जमिनीपासून. आणि सगळं वजन कठड्यावर."

"हो, पण मग यंत्रावर का नाही आलं?"

ती पांढऱ्या तुकड्याच्या कडेशी गुडघ्यावर बसली आणि बर्फ खरवडू लागली. जमीन लागली. हातमोजा काढून तिने बोटांनी चाचपलं. मग कुर्दिनचा हात धरून तिथे ठेवला.

गवत बोटभर होतं. आखूड, ताठ खुंट. दाढीच्या खुंटांसारखे टोचणारे.

"कुणीतरी कापलंय," कुर्दिन म्हणाला.

"मागच्या ऑगस्टमध्ये, गवत पिकल्यावर. आणि तुम्ही येता जूनमध्ये, तोवर ते पुन्हा वाढलेलं असतं. खुंटांनी बर्फ धरून ठेवला, म्हणून तुमच्या यंत्रावर रेटा आला नाही. बाकी उतारभर बर्फ निजलेल्या गवतावरून सरकत होता."

"म्हणजे यंत्र खरं बोललं."

"स्वतःपुरतं."

कुर्दिनने वाडीकडे पाहिलं. वाडीवरच्या उभ्या कठड्यांमागे बर्फ तसाच साचलेला होता, आणि त्याच्याखाली गवत न कापलेलं होतं.

"मग तिथलाही आकडा..." तो थांबला.

"तिथला आकडा तुम्हाला माहीतच नाही."

पश्चिमेचे ढग काळे झाले होते. वैमानिक हात हलवून बोलावत होता. मेंजिया मात्र तुकड्याची कड धरून चालत राहिली. खालून कापलेल्या पावासारखा दिसणारा कोपरा तिला बघायचा होता. यंत्राच्या अगदी डावीकडे, चार पावलांवर, कापणी एकदम थांबली होती. तिरकी, सरळ, दोरी धरल्यासारखी. तिच्या पलीकडे लांब गवत.

"हे मला कळत नाही," कुर्दिन म्हणाला. "यंत्राला फसवायचं तर मी सरळ चौकोन कापला असता, यंत्र मधोमध घेऊन. हा कोपरा सोडला का? दहा मिनिटांचं काम होतं."

रेघेच्या वरच्या टोकाला जमिनीत एक दगड रोवलेला होता. मेंजियाने त्यावरचा बर्फ पुसला. दगडाच्या पलीकडच्या अंगाला एक चक्र कोरलेलं होतं. अलीकडच्या अंगाला आडवी रेघ, आणि तिच्यावर छपरासारख्या दोन तिरक्या रेघा.

६

"हद्दीचा दगड आहे," मेंजिया म्हणाली. गिएरीचं स्वयंपाकघर, तोच दिवा. "पूर्वी उतारावर प्रत्येक घराचा गवताचा वाटा असायचा. वाटे बंद होऊन किती काळ झाला?"

"झाला बराच," गिएरी म्हणाला.

"त्या कोपऱ्यात आता कुणी कापलं तर कुणी विचारणार आहे?"

"नाही."

"तरी कापणाऱ्याने तो सोडला. चोरून कापत होता, कापायला हवा होता, तरी सोडला. विळा दुसऱ्याच्या वाट्यात घालायचा नाही हे ज्याच्या हातात बसलेलं आहे असा माणूस. तो बर्फाचा तुकडा तुमच्या घरचा वाटा आहे, गिएरी. गावातला प्रत्येक म्हातारा तो दोन दिवस वाचतोय. आणि तुमच्या आई पडदा ओढून बसल्यात."

"कुणीही कापलं असेल. आमच्या वाट्यात काय कुंपण आहे?"

"बुधवारी तिघांपुढे एकच आकडा होता. दोघांना तो खरा वाटला. तो कमी यावा ही ज्याची गरज होती, त्या एकट्यालाच तो खरा वाटला नाही. असं का व्हावं?"

नेसाआजी उठली. खिडकीपाशी जाऊन तिने पडदा बाजूला केला. उतारावर तो तुकडा मावळत्या उजेडात निळसर झाला होता.

"ह्याच्या वडिलांनीही कधी रेघ ओलांडली नाही," ती म्हणाली. "सांग आता, बाळा. बाहेर बघ, आभाळ काय झालंय."

गिएरी खुर्चीत बसला. "तीन ऑगस्ट कापलं," तो म्हणाला. "एक तारखेला, राष्ट्रीय दिनाला, सगळे मैदानात सॉसेज भाजत असतात, तेव्हा. वाडी मिटवायला निघाले होते कागदावर. मला तीन हिवाळे हवे होते. मग उरलेला उतारही कापायला लावणार होतो. सगळा. शपथेवर सांगतो."

"गवताचं काय केलंत?"

"जाळलं."

"तीन वर्षांचं?"

"जाळलं म्हटलं ना!"

मेंजियाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. मग कोट घातला.

"मला तुमचं बाकीचं आत्ता नको. लुत्सी माझ्या सांगण्याने हलणार नाही. तुम्हाला यावं लागेल."

७

वाडीत लुत्सीच्या अंगणात वीसेक माणसं उभी होती. पहिले बर्फकण उडायला लागले होते. अग्निशमनवाले दोन गाड्या घेऊन आले होते आणि कुणी गाडीत बसत नव्हतं.

गिएरीने टोपी काढली. आकडा खोटा आहे, तो म्हणाला. मी गवत कापलं म्हणून तो कमी आला. तुमच्यावरच्या कठड्यांवर किती रेटा आहे ते कुणालाच माहीत नाही.

लुत्सी दारात उभा होता.

"म्हणजे बुधवारी तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू म्हणालास, बरं वाटत नाहीये."

"हो."

"आणि मी तुला म्हटलं, काढा पी." लुत्सीने हातातले मोजे एकदा घातले, पुन्हा काढले. "एक वाक्य, गिएरी. एक वाक्य बोलायचं होतंस. मी तिला स्वतः उचलून नेली असती, ओरडत असती तरी."

गिएरी तसाच उभा राहिला. लोकांना वाटलं, लुत्सी आता मारणार. एक-दोघे पुढेही सरले.

"ये आत," लुत्सी म्हणाला. "पायाकडून तू धर. डोक्याकडून मी आहे."

दोघांनी शवपेटी बाहेर आणली आणि बर्फ हटवायच्या गाडीत मागे ठेवली. त्यानंतर कुणालाही सांगावं लागलं नाही. घरोघरी दिवे मालवले गेले.

शेळ्या शेवटी काढल्या. अग्निशमनवाल्याने गोठ्यातून विचारलं, "चारापण घ्यायचा ना?" आणि उत्तराची वाट न बघता जाळीत बांधलेले गवताचे भारे अंगणात टाकायला सुरुवात केली. दरीतलं खरबरीत गवत नव्हतं ते. बारीक, हिरवट, मधे मधे उंचावरची वाळलेली पिवळी फुलं. अंगणभर वास पसरला. लुत्सीला शिंका आल्या.

भाऱ्यांच्या दोरांना लाकडी कड्या होत्या. मेंजियाने एक उचलून बॅटरीच्या उजेडात धरली. आडवी रेघ, वर दोन तिरक्या रेघा.

कड्या सगळ्यांना दिसत होत्या.

तिने गिएरीकडे पाहिलं. आपल्या वाट्यातलं गवत शेजारणीच्या शेळ्यांसाठी कापलं, एवढं म्हणाला असता तर त्याच्यावर काही शाबीत करणं कठीण होतं. तेच एक त्याने सांगितलं नव्हतं. उलट, जाळलं म्हणाला होता.

"आनेत्ताला ठाऊक होतं?" तिने हलक्या आवाजात विचारलं. "हे कुठून येतं ते? आणि का?"

गिएरी भाऱ्यांकडे बघत होता.

"शेळ्यांना काल आणि आज चारा कोणी घातला?"

त्याने टोपी घातली आणि तो पुढच्या घराचं दार बंद आहे का ते बघायला गेला.

शुक्रवारी संध्याकाळी रस्ता बंद झाला. शनिवारी दुपारपर्यंत बर्फ थांबलेला नव्हता. वाडीवरचे कठडे उभे होते. आनेत्ताचं दफन पुढे ढकललं आहे. पांढरा तुकडा आता दिसत नाही, सगळा उतारच पांढरा आहे. दाबमापक अजून आकडा पाठवतो आहे आणि तो कमी आहे.

मेंजिया तुओरने एक भारा पुरावा म्हणून मोहोर लावून ठेवला. बाकीचे बंबखान्यात शेळ्यांपाशी आहेत. सकाळी लुत्सी बाल्त्सर नाकाला रुमाल बांधून तिथे आला. बराच वेळ त्या कड्यांकडे बघत उभा राहिला. मग एक भारा सोडून त्याने शेळ्यांपुढे टाकला.

गवताबद्दल गिएरी काथोमासला पुन्हा दोनदा विचारण्यात आलं. त्याने अजून उत्तर दिलेलं नाही.